विश्लेषण : ऐतिहासिक कादंबरीचे वेड मराठी वाचकाला कुणी लावले? हरिभाऊ आपटे कोण होते?

२०२० साली आलेला ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट अनेकांनी पाहिला. त्यात उदयभानाच्या कैदेत असलेली एक राजपूत स्त्री आहे. सिंहगडाच्या लढाईच्या जुन्या कागदपत्रांत तिच्या कथेला आधार सापडत नाही. मराठी घरांत ही कथा पोहोचली ती सव्वाशे वर्षांपूर्वी, पुण्याच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला छापल्या जाणाऱ्या कादंबरीतून. कादंबरीचे नाव ‘गड आला पण सिंह गेला’, साप्ताहिकाचे नाव ‘करमणूक’ आणि लेखक हरी नारायण आपटे. महाराष्ट्र त्यांना हरिभाऊ म्हणून ओळखतो.

‘छावा’, ‘स्वामी’, ‘राऊ’, ‘पानिपत’ या कादंबऱ्या मराठी वाचक आजही रात्र जागून वाचतो. ‘राऊ’वरून ‘बाजीराव मस्तानी’ आला, ‘छावा’वरून २०२५ साली चित्रपट आला. इतिहास, पराक्रम आणि प्रेम यांची एकत्र गुंफण असलेली कथा वाचायची आणि पुस्तक मिटल्यावर काही काळ त्याच जगात वावरायचे, ही सवय मराठी माणसाला कशी लागली? तिचा पाया घालणारा माणूस स्वतः कसा होता? आणि त्याच्या कथा आपण इतिहास म्हणून वाचायच्या का?

आधी वाचक, मग लेखक

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. ते चार वर्षांचे असताना आई वारली. आजी आणि इतर नातलगांच्या मायेत ते वाढले. काका महादेव चिमणाजी आपटे मुंबईत वकील होते. हरिभाऊंचे सुरुवातीचे शिक्षण मुंबईत झाले आणि १८७८ मध्ये कुटुंब पुण्यात आले.

पुण्यात तेव्हा विचारांचे वारे जोरात वाहत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ तरुणांच्या हातोहात फिरत होती. १८८० च्या जानेवारीत चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. हरिभाऊ या शाळेत गेले. आगरकर, आपटे, टिळक यांसारखे शिक्षक लाभलेली ती पिढी होती. १८८२ मध्ये चिपळूणकर अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले, तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य लिहिले.

याच काळात त्यांना वाचनाचे जबर वेड लागले. संस्कृत नाटके, इंग्रजी कादंबऱ्या, इतिहास, चरित्रे, जे हाती पडेल ते ते वाचत. कालिदास आणि भवभूती जितके आवडीचे, तितकेच स्कॉट आणि डिकन्सही. नुसते वाचून ते थांबत नसत. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे मराठी रूपांतर केले, तेव्हा या विद्यार्थ्याने आपल्या गुरुस्थानी असलेल्या माणसाच्या पुस्तकाचे लांबलचक परीक्षण लिहून त्यातील उणिवा दाखवल्या. वाचलेले मनात घोळवायचे, तपासायचे आणि मग मत मांडायचे, ही त्यांची रीत होती.

या वेडाची किंमतही मोजावी लागली. १८८३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते डेक्कन कॉलेजात आणि नंतर फर्ग्युसनमध्ये गेले. साहित्यात गती असली तरी गणिताने दगा दिला. परीक्षा हुकल्या आणि पदवी न घेताच त्यांनी कॉलेज सोडले. इंग्रजी राज्यात पदवी म्हणजे सरकारी नोकरी, पगार आणि मान. ती वाट बंद झाली. काकांनी स्थापन केलेल्या ‘आनंदाश्रम’ या संस्कृत ग्रंथप्रकाशन संस्थेचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि ते पुढे आयुष्यभर सांभाळले. दिवसा जुन्या पोथ्यांचे व्यवस्थापन आणि उरलेल्या वेळी कादंबरी, असा त्यांचा संसार होता.

रेनॉल्ड्सचे गारुड काय होते?

त्या काळी इंग्रजी शिकलेल्या तरुणांत एका लेखकाची विलक्षण चलती होती. त्याचे नाव जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. इंग्लंडमध्ये त्याच्या गोष्टी स्वस्त अंकांतून खपत. गुप्त दरवाजे, बदललेली मुले, पळवून नेलेल्या मुली, खून आणि सूड असा सगळा मसाला त्यात असे. इंग्लंडातील प्रतिष्ठित समीक्षक त्याला नाके मुरडत, भारतात मात्र त्याची पुस्तके कित्येकांनी फडशा पाडल्यासारखी वाचली.

हरिभाऊही त्या गारुडात सापडले. ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ पासून ‘पुणे वैभव’ या पत्रात क्रमशः येऊ लागली. तिची प्रेरणा रेनॉल्ड्सचीच होती. पण त्यांनी लंडनचे रहस्य तसेच्या तसे उचलून आणले नाही. कथेत पुणे आणले, इंग्रजी शिकून जुने सोडलेल्या आणि नवे न पचलेल्या मराठी तरुणांची घसरण आणली. वाचकाला धरून ठेवण्याची युक्ती परकी, पण दुखणे घरचे. पुढच्या तीस वर्षांतले त्यांचे लेखन याच सूत्रावर उभे राहिले.

त्यांच्याआधी मराठीत काय होते?

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या विधवांच्या स्थितीवरील पुस्तकाचे नाव घेतले जाते. पण वाचकप्रिय होत्या त्या ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कथा. राजपुत्र, राजकन्या, वियोग, संकटे आणि शेवटी मीलन. त्यांना काळ नव्हता आणि ठिकाणही नव्हते.

१८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहिली. तिला मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. शिवकालाची पार्श्वभूमी, एक काल्पनिक किल्ला आणि त्याभोवती गुंफलेली कहाणी, असा तिचा घाट होता. बीज पडले होते, पण झाड वाढायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली.

मधल्या काळात जमीन तयार होत होती. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला होता आणि त्यातील निष्कर्षांवर मराठी विद्वान चिडून होते. १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रहा’तून बखरी आणि जुनी पत्रे छापून येऊ लागली. १८९५ मध्ये टिळकांनी रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ हाती घेतली आणि शिवजयंती उत्सव सुरू झाला. आपला इतिहास आपणच सांगायचा, ही ओढ सगळीकडे होती. तो घरातल्या माणसांना कळेल असा सांगणारा लेखक मात्र हवा होता.

‘करमणूक’ कशासाठी काढले?

१८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. पुण्यात तेव्हा ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांची राजकारण आणि समाजसुधारणेवरून खडाजंगी चालू होती. वाद वाचणारा वर्ग ठरावीक होता. हरिभाऊंना त्या वादाबाहेरच्या माणसांपर्यंत, विशेषतः नुकतेच वाचायला शिकलेल्या स्त्रियांपर्यंत जायचे होते. त्यांना व्याख्यान नको होते, गोष्ट हवी होती. नाव ‘करमणूक’ असले तरी त्यामागचा हेतू गंभीर होता.

या साप्ताहिकात त्यांच्या दोन प्रकारच्या कादंबऱ्या शेजारी शेजारी चालत. एका बाजूला ‘पण लक्षात कोण घेतो’ (१८९०–९३). यमू नावाची मुलगी आपलीच कहाणी सांगते : माहेर, सासर, नवऱ्याने प्रेमाने शिकवलेले वाचन, त्याचा अकाली मृत्यू आणि नंतर घरच्यांनी बळजबरीने केलेले केशवपन. दुसऱ्या बाजूला ‘म्हैसूरचा वाघ’. टिपू सुलतानाच्या काळातील ही कथा मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या कादंबरीवर आधारलेली होती.

पहिली कथा वाचताना वाचक रडत होता, दुसरी वाचताना श्वास रोखत होता. साप्ताहिक तगायचे तर दोन्ही लागत. हरिभाऊंनी एकूण एकवीस कादंबऱ्या हाती घेतल्या. त्यांतील दहा सामाजिक आणि अकरा ऐतिहासिक.

‘उषःकाल’मध्ये असे काय होते?

१८९५ ते १८९७ या काळात ‘करमणूक’मध्ये ‘उषःकाल’ क्रमशः आली. स्वराज्याचा दिवस उगवण्यापूर्वीची पहाट, असा तिचा विषय. कथेत शिवाजी महाराज आहेत, पण केंद्रस्थानी एक सरदार घराणे आहे. वडील रंगराव आप्पा हे विजापूरच्या बादशहाच्या चाकरीतले निष्ठावंत किल्लेदार. मुलगा नानासाहेब मात्र स्वराज्याच्या स्वप्नाकडे ओढला गेलेला. बापाला वाटते, खाल्ल्या मिठाला जागावे. मुलाला वाटते, मीठ कोणाच्या जमिनीतले हे आधी पाहावे.

हा पेच सतराव्या शतकातला असला तरी १८९६ च्या वाचकाच्या घरातला होता. सरकारी नोकरीत इमाने राबणारे वडील आणि सभांना जाणारा मुलगा ही जोडी तेव्हा गावोगाव होती. १८९७ मध्ये तर ‘केसरी’तील शिवजयंतीविषयक लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. इतिहासाबद्दल बोलणे हे वर्तमानाबद्दल बोलणे होते, हे सरकारलाही कळत होते.

हरिभाऊ स्वतः नेमस्त विचारांचे, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या जवळचे. त्यांनी कादंबरीचा जाहीरनामा केला नाही. दोघांची बाजू खरी वाटेल अशा रीतीने त्यांनी बाप आणि मुलगा उभे केले. म्हणून ‘उषःकाल’ वाचणाऱ्याला स्फूर्ती मिळते आणि त्याच वेळी निष्ठा बदलण्याची किंमतही कळते.

तानाजीच्या कथेत प्रेमकथा का आली?

‘गड आला पण सिंह गेला’ १९०३–०४ मध्ये आली. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला आणि त्यात देह ठेवला, हा इतिहास. पोवाड्यांतून ही कथा पिढ्यान्‌पिढ्या गायली जात होती. हरिभाऊंनी तिच्यात कमलकुमारी या राजपूत स्त्रीचे कथानक गुंफले. नवरा वारल्यावर सती जायला निघालेल्या या स्त्रीला उदयभानू पळवतो आणि कोंढाण्यावर आणून ठेवतो.

यामुळे काय साधले? लढाईला मुदत मिळाली. गड वेळेत घेतला नाही तर एका बाईवर बळजबरी होणार, हे वाचकाला ठाऊक असते. त्यामुळे कडा चढणाऱ्या प्रत्येक मावळ्याच्या पावलाबरोबर त्याचा जीव टांगणीला लागतो. ही रेनॉल्ड्सच्या शाळेत शिकलेली युक्ती होती. आठवडाभर थांबलेल्या वाचकाने पुढचा अंक आल्या आल्या उघडावा, यासाठी ती कामाला आली.

तिचा परिणाम हरिभाऊंच्या कल्पनेपलीकडे गेला. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये या कादंबरीवर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. १९३३ मध्ये प्रभात कंपनीचा बोलपट आला. पुढे नाटके, पाठ्यपुस्तके, चित्रकथा. कमलकुमारी इतक्या वेळा सांगितली गेली की ती खरी होती की कल्पित, हा प्रश्न कुणी विचारेनासे झाले.

गडाच्या नावाचेही तसेच. तानाजीच्या मृत्यूनंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले असे सर्रास सांगितले जाते. पण १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारातही सिंहगड हे नाव आढळते. तानाजीचा पराक्रम त्याने रतीभरही कमी होत नाही, पण लोकांच्या स्मरणात कागदापेक्षा कथा अधिक खोल रुजते, हे त्यातून दिसते.

नगर जिल्ह्याच्या वाचकाशी याचा काय संबंध?

हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपैकी ‘वज्राघात’ (१९१३–१५) नगरकरांनी आवर्जून वाचावी अशी. तिचा विषय विजयनगरच्या साम्राज्याचा अंत. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला. या फौजांत अहमदनगरचा हुसेन निजामशहा आघाडीवर होता आणि रामराजाचा शिरच्छेद त्याच्याच पुढाकाराने झाला. आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या शहरातल्या किल्ल्याचा आणि हंपीच्या अवशेषांचा असा थेट संबंध आहे.

हरिभाऊंनी या राजकीय प्रलयाच्या मुळाशी एक प्रेमकथा ठेवली. तरुण रामराजाचे मेहरजान या मुसलमान तरुणीवर प्रेम असते. सत्ता आणि प्रेम यांतील एकच निवडायची वेळ येते तेव्हा तो सत्ता निवडतो. टाकलेल्या प्रेमाचे फळ म्हणजे मुलगा. तो पुढे शत्रूच्या बाजूने उभा राहतो. साम्राज्य बाहेरच्या तोफांनी कोसळते, पण त्याला पहिली चीर पडते ती एका माणसाने दिलेल्या दग्याने. मेहरजान इतिहासात नाही. तरीही हरिभाऊंच्या सगळ्या ऐतिहासिक पात्रांत तिचे दुःख वाचकाला सर्वांत जास्त काळ पुरते. इतर काही कादंबऱ्यांत मुसलमान पात्रे एकसुरी खलनायक होतात, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. ‘वज्राघात’मध्ये मात्र त्यांची सहानुभूती नेमकी उलट बाजूला झुकलेली दिसते.

‘रूपनगरची राजकन्या’ (१९००–०२) ही आणखी एक प्रेम आणि पराक्रमाची कथा. औरंगजेबाने मागणी घातलेली राजपूत राजकन्या मेवाडच्या राणा राजसिंहाला साद घालते, हा तिचा विषय. याच घटनेवर बंगालीत बंकिमचंद्रांनी ‘राजसिंह’ लिहिली होती. म्हणजे पुण्यात जे घडत होते तेच कोलकात्यातही घडत होते. परक्या राज्यात राहणारे वाचक आपल्या भूतकाळात ताठ मानेची माणसे शोधत होते.

बेलापूरच्या मुलखात तेव्हा काय चालले होते?

हरिभाऊ पुण्याला आले त्याच १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगर जिल्हा आगगाडीने पुण्या-मुंबईला जोडला गेला. आजच्या श्रीरामपूर शहरातल्या रेल्वे स्थानकाला नाव मिळाले ते प्रवराकाठच्या बेलापूरचे. टपाल, वर्तमानपत्रे आणि पुस्तकांची पार्सले याच रुळांवरून आतल्या गावांकडे येऊ लागली. नगर शहरात तर १८३८ पासून वाचनालय होते. छापील शब्द शहराबाहेर पोहोचण्याची साधने अशी एकेक करून तयार होत होती.

पण हा मुलूख तेव्हा दुष्काळाने होरपळलेला होता. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी दख्खनची कंबर मोडली. ‘उषःकाल’ लिहीत असलेल्या हरिभाऊंनी या दुष्काळाकडे पाठ फिरवली नाही. ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची दीर्घकथा एका शेतकरी कुटुंबाच्या वाताहतीची आहे. ‘रामजी’ या नावाने ती इंग्रजीत गेली आणि इंग्लंडमधल्या वाचकांपर्यंत पोहोचली. शिवकालातल्या मावळ्याला नायक करणाऱ्या लेखकाला त्याच मावळ्याचा उपाशी वंशजही दिसत होता.

दुष्काळांच्या या अनुभवानंतर प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण आणि कालवे आले. १९१० मध्ये सुरू झालेले धरण १९२६ मध्ये पुरे झाले. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. ही भरभराट बघायला हरिभाऊ राहिले नाहीत.

त्यांचे वाचक कोण होते?

हरिभाऊंच्या चोखंदळ वाचकांत काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे नाव आधी घ्यावे लागते. मुलींनी वाचणे वाईट समजले जाई त्या काळात भावांचे धडे ऐकत ऐकत त्या लिहायला-वाचायला शिकल्या. पुढे स्वतः कादंबरीकार झाल्या. कानिटकर पती-पत्नींशी हरिभाऊंचा घरोबा होता. लेखनाबद्दल, वाचलेल्या पुस्तकांबद्दल ते काशीबाईंना सविस्तर पत्रे लिहीत. हरिभाऊंच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, काशीबाईंनी ती पत्रे प्रसिद्ध केली. एका लेखकाने एका वाचकाला बरोबरीच्या नात्याने वागवले, याची ती नोंद आहे.

हेच नाते ‘करमणूक’च्या पानापानांत होते. कादंबरी वाचणे म्हणजे वेळ वाया घालवणे, बायका बिघडतात, मुले अभ्यास सोडतात, अशी तक्रार तेव्हाही होती. आज मोबाइलबद्दल जे बोलले जाते, साधारण तेच तेव्हा कादंबरीबद्दल बोलले जाई. हरिभाऊंनी त्या तक्रारीला उत्तर दिले ते लिहून. यमूची कथा वाचून केशवपनाची चीड आली, ‘उषःकाल’ वाचून आपल्या गावाजवळचा पडका किल्ला वेगळा दिसू लागला, तर ते वाचन वाया गेले असे कोण म्हणेल?

त्यांच्या लेखनात दोष नव्हते का?

होते, आणि ते लपण्यासारखे नाहीत. दर आठवड्याला मजकूर द्यायचा म्हणून कथानके पसरत गेली. वर्णने लांबली, लेखक मध्येच थांबून वाचकाशी गप्पा मारू लागला. कित्येक कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. साप्ताहिक, आनंदाश्रम, पुणे नगरपालिकेचे काम असा त्यांचा व्याप होता. त्यातच मोलियरच्या नाटकाचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’सारखे रूपांतरही त्यांनी केले.

इतिहासाच्या बाबतीतही काळजी घ्यावी लागते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला. म्हणजे ‘उषःकाल’ लिहिली गेली तेव्हा अस्सल कागदांचा मोठा साठा उजेडात यायचाच होता. हरिभाऊंनी बखरी, पोवाडे आणि दंतकथा यांवर भिस्त ठेवली आणि उरलेल्या जागा कल्पनेने भरल्या. त्यांनी ते लपवले नाही, ते कादंबरीच लिहीत होते. गोंधळ झाला तो नंतरच्या पिढ्यांचा. कादंबरीतील संवाद भाषणांत गेले, पात्रे पाठांत गेली आणि कल्पितावर शंका घेणाऱ्याला इतिहासाचा शत्रू ठरवले जाऊ लागले.

ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला साधा नियम पुरतो. माणसे त्या काळात कशी जगली, कशाला घाबरली, कशासाठी मेली, याचा अंदाज कादंबरीतून घ्यावा. तारीख, वंशावळ आणि कोण कुणाला काय म्हणाले, यासाठी इतिहासाचे पुस्तक उघडावे.

त्यांच्यानंतर ही वाट कुणी चालवली?

सर्वांत विलक्षण कहाणी नाथमाधवांची. त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८). मुंबईत तोफांच्या सरकारी कारखान्यात नोकरी आणि शिकारीचा नाद. ऐन विशीत सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेले असता ते कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने पुस्तकांचा आधार घेतला आणि वाचता वाचता लिहू लागला. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ आली, मग ‘सावळ्या तांडेल’ आणि ‘वीरधवल’. १९२० च्या दशकात ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू झालेली त्यांची शिवकालीन कादंबऱ्यांची माला सात भागांपर्यंत गेली. ज्या गडाने पाय नेले, त्याच गडांच्या कथा सांगून त्यांनी हजारो वाचकांना डोंगर चढायला लावले.

पुढे रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ मध्ये आली. माधवराव आणि रमाबाई यांचे नाते तिने घराघरांत नेले. ना. सं. इनामदारांनी बाजीराव-मस्तानीची ‘राऊ’ लिहिली. शिवाजी सावंत, विश्वास पाटील यांनी मोठ्या पटाच्या कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकाची शैली वेगळी. पण इतिहासातल्या मोठ्या माणसाला घरात, नात्यात, प्रेमात आणि पेचात पाहायचे, ही रीत हरिभाऊंनी घालून दिलेली.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९१२ मध्ये अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हरिभाऊंना मिळाले. कॉलेजातून पदवी न घेता बाहेर पडलेल्या या माणसाला मुंबई विद्यापीठाने मराठी भाषेच्या उगमावर व्याख्याने देण्यासाठी बोलावले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९१५ मध्ये गोखले गेले. १९१७ च्या सुमारास, सत्तावीस वर्षे चालवलेले ‘करमणूक’ थांबले. पोटाच्या विकाराने प्रकृती ढासळत गेली आणि ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पुरी व्हायला पाच दिवस असताना, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज वाचायचे तर कुठून सुरुवात करावी?

लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटून गेल्यामुळे हरिभाऊंच्या लेखनावरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. त्यांची पुस्तके कुणालाही छापता आणि वाटता येतात. जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतही ती आहेत.

- पहिल्यांदाच वाचणाऱ्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ घ्यावी. ती आटोपशीर आहे आणि कथा ओळखीची आहे. कमलकुमारी कल्पित आहे हे ध्यानात ठेवले की तिची मजा कमी होत नाही.
- घराणी, निष्ठा आणि बाप-लेकाचा पेच आवडणाऱ्यांनी ‘उषःकाल’ वाचावी. पहिली काही प्रकरणे संथ आहेत. थोडा धीर धरावा.
- प्रेम आणि शोकांतिका हवी असणाऱ्यांनी ‘वज्राघात’ वाचावी. नंतर जमल्यास नगरचा किल्ला आणि हंपी दोन्ही पाहावे.
- हे तिन्ही वाचून झाल्यावर ‘पण लक्षात कोण घेतो’ हाती घ्यावी. तीत तलवार नाही, गड नाही, राजा नाही. आहे ती एक मुलगी, जिला वाचायला शिकवले गेले आणि नंतर गप्प केले गेले. इतक्या लढाया लिहिणाऱ्या हरिभाऊंना सर्वांत अवघड लढाई कोणती वाटत होती, हे तिथे कळते.